सामाईक भिंत

गवंड्याने दोन्ही घरांमधल्या जुन्या सामाईक भिंतीवर थापी आपटली, तसा विटांचा ओला भुगा धाकट्या जावेच्या पायांशी सांडला. “वहिनी, पलीकडे तुमच्या थोरल्या जाऊबाईंनी सिमेंटचा गिलावा केला, तेव्हापासून सगळी ओल इकडे फुटतेय. आपण चुना लावू, भिंत श्वास घेईल.” भिंतीलगतच्या रिकाम्या खाटेवरून तिने हात फिरवला. नवरा इथेच खोकून खोकून गेला. ओल दाखवली, तेव्हा जाऊ हसून म्हणाली होती, “तुमच्या नशिबातच आहे गं ती!” “मीही सिमेंटच लावलं तर?” तिने गवंड्याला विचारलं. “ओल आतल्या आत कोंडेल, विटा कुजतील. त्यांचा नवा मजला याच भिंतीवर उभा आहे.” “मी उद्याच लेकीकडे कायमची राहायला निघालेय,” ती हळूच म्हणाली, “सिमेंटच लावा.” इतक्यात पलीकडून जाऊ ओरडली, “काय गं, कसली ठोकाठोक चाललीये?” “काही नाही हो ताई, तुमच्यासारखंच करून घेतेय.”