पहिल्या मजल्यावरचं जलावतरण

जहाज काही केल्या खोलीबाहेर पडेना.

नाक बोळात शिरलं, की शेपूट खोलीत अडकायचं. उचलून पाहिलं, तिरकं करून पाहिलं, पुन्हा आत नेऊन उलटं फिरवून पाहिलं. दाराबाहेरचा बोळ अरुंद, त्यातून लगेच काटकोनात वळण, आणि जहाज माणसापेक्षा लांब. उभं करून न्यावं, तर धुराडं आणि डोलकाठ्या मोडणार. फळ्या एकेक करून आत आल्या होत्या, त्यामुळे या गोष्टीचा विचार कुणी केलाच नव्हता. जहाजावरचा प्रत्येक जिना, प्रत्येक दार सुनेने मोजून मापून लहान करून बसवलं होतं. घरचं दार मोजायचं तेवढं राहिलं.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. आजवर तिने हौस म्हणून छोटी जहाजं केली, फडताळात मांडली, नातेवाइकांना वाटली. मोबदला घेऊन केलेलं हे पहिलंच. याच्या भरवशावर तिने दातांच्या लॅबमधली नोकरी सोडली होती. खाली जहाज कंपनीचा माणूस टेम्पो घेऊन उभा होता. संध्याकाळी त्यांच्या नव्या ऑफिसचं उद्घाटन, आणि दर्शनी भागात कंपनीच्या पहिल्यावहिल्या आगबोटीची ही प्रतिकृती ठेवायची होती. पसंत पडली तर बाकीच्या बोटींचं कामही तिलाच. नाही पोचली, तर पुन्हा लोकांच्या कवळ्या घासत बसायचं.

"अगं, मधोमध कापू या," नवरा घाम पुसत म्हणाला. "तिथे जाऊन जोड. वरून रंगाचा एक हात मारलास, की कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल ना!"

पण दुसरं सुचत तर काहीच नव्हतं. खालून टेम्पोचा हॉर्न वाजला. तिने भिंतीवरची करवत काढली.

सासरे खोलीच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून पेपर वाचत होते, म्हणजे तसं दाखवत तरी होते. सगळी हयात त्यांनी वेल्डिंगच्या दुकानात घालवलेली. या खोलीच्या खिडकीची ग्रिल त्यांच्याच हातची. असे जाड गज, की चोराने लांबूनच नमस्कार करून पुढच्या घरी जावं. सुनेच्या उद्योगाला ते 'खेळणी' म्हणायचे. तिने नोकरी सोडली त्या दिवशी त्यांनी जो अबोला धरला, तो अजून पुरता सुटला नव्हता.

धुराड्याच्या मागे सांधा त्यातल्या त्यात लपला असता. तिथे तिने करवतीचं पातं टेकवलं.

"थांब!"

सासरे उठून आले. आजवर त्यांनी जहाजाला बोटही लावलं नव्हतं. आता ते खाली वाकले आणि अंगठ्याने जहाजाचं पोट चाचपू लागले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. मग चष्मा वर सरकवून परत पहिल्या टोकाशी आले.

"फळ्यांचे जोड कुठायत?"

"आहेत. दिसत नाहीत."

"आणि हे कठडे?"

"दातांच्या तारेचे आहेत, बाबा. एकेक खांब सोल्डरचा डाग देऊन बसवलाय."

त्यांनी एक कठडा नखाने हलवून पाहिला. तो हलला नाही.

"पुऱ्या झालेल्या कामाला करवत लावायची नसते," ते म्हणाले. "एवढंही कळत नाही का तुला?"

"कळतं हो! पण मग मी काय करू? दुसरा रस्ता दाखवा ना!"

सासऱ्यांनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं. मुलाच्या ते लगेच लक्षात आलं.

"बाबा, नाही हं! ती ग्रिल तुम्ही स्वतः…"

"मीच केली, मीच कापणार. तुझ्या बापाचं काय जातंय? खाटेखालून ग्राइंडर काढ."

सुनेने भराभर जहाजावर चादरी टाकल्या. ठिणग्यांचा पाऊस पडला. गज एकामागून एक सुटले आणि जन्मात कधी न हललेली ग्रिल तिघांनी मिळून भिंतीला टेकवून ठेवली. सासरे त्या ग्रिलकडे क्षणभर बघत राहिले, मग दोर सोडवायला लागले. जहाज फळीवर बांधलं, फळीला चारही बाजूंनी दोर लावले आणि नाक खिडकीबाहेर काढलं. डोलकाठ्यांची टोकं चौकटीला घासता घासता राहिली.

रस्त्यावर गर्दी जमली. स्कूटरवाले थांबले, समोरच्या गॅलऱ्या भरल्या. "सावकाश! डावीकडे!" जो तो कप्तान झाला. तांबड्या पोटाची आगबोट उन्हात हेलकावे खात खाली उतरू लागली. कंपनीच्या माणसाने आणि दोघा-चौघांनी हात वर करून ती झेलली, तेव्हा रस्ताभर टाळ्या वाजल्या. वर दोर धरून उभ्या असलेल्या सुनेला आनंदाने ओरडावंसं वाटलं, आणि ती चांगली बेंबीच्या देठापासून ओरडली.

कंपनीच्या माणसाने टेम्पोत चढून जहाज पुढून पाहिलं, मागून पाहिलं, वाकून कठड्यांपाशी डोळे नेले. मग खिडकीकडे बघत तोंडाशी हात धरला.

"मॅडम, पुढची बोट कधी सुरू करताय?"

"उद्याच!"

टेम्पो निघून गेला. गर्दी पांगली. नवऱ्याने दोर गुंडाळला आणि भिंतीला टेकवलेल्या ग्रिलकडे पाहिलं.

"बाबा, ही आजच परत वेल्ड करून टाकायची ना?"

"वेल्ड कशाला? बिजागऱ्या लावणार." सासऱ्यांनी टेबलावरची टेप उचलली आणि खिडकीच्या चौकटीला लावली. "सूनबाई, पुढच्या जहाजाची लांबी-रुंदी सांग. भिंत फोडावी लागणार असेल, तर आत्ताच कळू दे."