सरपंचांच्या मुलीचं भाषण

"आणि वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी त्या आमदार झाल्या!" निशिगंधाने हात असा काही उंच फेकला की माइकची वायरच हलली. "मग मंत्री, मग खासदार, मग राजस्थानच्या राज्यपाल. आणि दोन हजार सात साली या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती!"

शाळेच्या मंडपात टाळ्या कडाडल्या. नववीतली पोर, पण काय तो आवाज! महाडहून आलेल्या परीक्षक बाईंनीही पेन खाली ठेवलं. स्टेजवर मधल्या खुर्चीत तिचे पप्पा, राजेश, कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. पुढे टेबलावर पुठ्ठ्याची पाटी: 'सरपंच'. निशिगंधानेच ती सकाळी स्केचपेनने रंगवली होती. नाव तेवढं लिहायचं टाळलं होतं.

"बाईला खुर्ची कोणी आणून देत नाही," ती गरजली. "ती तिने हक्काने घ्यायची असते!"

पुन्हा टाळ्या. त्या थांबतायत तोच सतरंजीवरून साळूबाईचा आवाज आला. म्हातारीला हळू बोलणं ठाऊकच नाही.

"गो रेश्मा, निवडून तू आलीस ना? सरपंच तू हायस ना? मग नवऱ्याला वर बसवून तू खाली काय करतेस गो?"

बायका फिस्सकन हसल्या. निशिगंधाची आई रेश्माही हसली.

"पोरच बोलली माझी. 'बाहेरची मोठी माणसं येणार, तुझं हाय-नाय ऐकून हसतील, पप्पांना बसू दे.'" सकाळी कसली भाजी केली ते सांगावं, तसं तिने सांगितलं. "बरोबर हाय तिचं. मला कुठं असलं बोलता येतं?"

निशिगंधाचे कान तापले. परीक्षक बाईंनी आधी सतरंजीकडे पाहिलं, मग पाटीकडे, मग तिच्याकडे. भाषणाचा शेवटचा, सगळ्यात जोरदार भाग अजून बाकी होता. शब्दन् शब्द पाठ होता. पण ओठांवर आलं ते वेगळंच: आई, वर ये. तीनच शब्द. हातात माइक होता, सगळा मंडप थांबला होता.

"जय हिंद," ती म्हणाली आणि खाली उतरली.

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. "सरपंचांच्या हस्ते," असं सरांनी पुकारलं आणि पप्पा उठले. फोटोवाला ओरडला, "ताई, जरा हसा की!" तिला मान वर करता येईना.

घरी जाताना चषक आईने छातीशी धरला होता. घाटाकडे निघालेली एस.टी. धूळ उडवत गेली, तशा दोघी रस्त्याच्या कडेला सरकल्या.

"काय बोललीस गो! माझ्या तर अंगावर काटाच आला." चार पावलं चालून झाल्यावर आईने अगदी सहज विचारलं, "त्या राष्ट्रपती बाईंना पोरगी हाय?"

"आहे."

"तिचं काय नव्हतं गो तुझ्या भाषणात." आईने चषकावरची धूळ पदराने पुसली. "ती काय बोलायची आईला?"