काढून ठेवलेली भीती

फौजेतली चार वर्षं संपवून आलेल्या हणमंत शेडगेनं शाळेची बस भरधाव घाट उतरवली, कुठं घासलीसुद्धा नाही. तरी परीक्षक भोईटेबाईंनी त्याला नापास केलं.

"चुकलं कुठं, मॅडम?"

"भरतीच्या वेळी तुमची भीती काढून ठेवली होती, ती अजून परत घेतली नाहीत. मागं पोरं बसणार आहेत."

हणमंतला हे काही पटलं नाही, पण नोकरी हवी होती. लष्कराच्या दवाखान्यात त्यानं भीती डोक्यात परत बसवून घेतली आणि सोमवारी पुन्हा बस काढली. पहिल्याच वळणावर दरी दिसली तसे त्याचे तळहात घामेजले. त्यानं बस थांबवली.

"आता सावकाश घ्या," भोईटेबाई म्हणाल्या. "पास आहात."

हणमंतनं गाडी हलवली नाही.

"चार वर्षं डोंगरात फौजेचा ट्रक असाच भरधाव चालवला, मॅडम," तो म्हणाला. "मागं वीस पोरं असायची."