स्वच्छ काळोख

पहिलं बक्षीस मिळालेल्या फोटोसमोर घोळका जमला होता. खाली काळाकुट्ट डोंगर आणि वर उल्काच उल्का.

"इतका स्वच्छ काळोख मिळाला कसा तुम्हाला?" कुणीतरी विचारलं.

"मिळतोय कसला!" फोटोग्राफर हसला. "समोरच्या डोंगरावर एक महाभाग रात्रभर टॉर्च उघडझाप करत होता. बंद कर म्हणून मी इकडून शिव्या घातल्या, तर पठ्ठ्या जास्तच जोरात हलवायला लागला! शेवटी घरी बसून एकेका फोटोतून त्याचा तो ठिपका पुसला. डोळे फुटायची वेळ आली."

हसत हसत घोळका पुढच्या भिंतीकडे सरकला. तेवढ्यात दारातून एक बाई आत आल्या. त्यांनी फोटोखालची पाटी वाचली, तारीख पुन्हा एकदा वाचली आणि तिथेच थबकल्या.

"याच रात्री माझा मुलगा या डोंगरावर पाय मोडून पडला होता," त्या शेजारी उभ्या फोटोग्राफरला म्हणाल्या. "सापडला तेव्हा सगळं संपलं होतं. टॉर्च होती हो त्याच्याजवळ. पोलीस म्हणतात, लावलीच नसेल, नाहीतर कुणाला तरी दिसली असती. तुम्ही तर समोरच होतात. उजेड दिसला का कुठे?"

फोटोग्राफरने वळून पाहिलं. घोळका लांब गेला होता. मग बाईंना फोटो नीट दिसावा म्हणून तो जरा बाजूला झाला.

"तुम्हीच बघा ना, काकू," तो हळूच म्हणाला. "उजेड असता तर फोटोत आला नसता का?"