पायावरची शाल

"हलला! पायाचा अंगठा हलला, बघा!" कंपनीच्या वकिलांनी टाळी वाजवायचीच बाकी ठेवली होती. न्यायाधीशबाई चष्मा सावरून कोर्टातल्या पडद्याकडे पाहू लागल्या. चाकांच्या खुर्चीत बसलेले मास्तर ताठ झाले. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने मान उंचावली.

पडद्यावर त्यांच्याच घराची गॅलरी दिसत होती. कंपनीने समोरच्या गच्चीवर कॅमेरावाला बसवला होता आणि घरात कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. ती मशीनवर शिवत होती. बाजूला मास्तर होते, आणि त्यांचे उघडे पाय.

तिला गॅलरीतली ती दुपार आठवली. मास्तर म्हणजे याच कंपनीच्या कपड्यांच्या कारखान्यातले कटिंग मास्तर. कारखान्याचा पोटमाळा कापडाच्या गठ्ठ्यांसकट त्यांच्या पाठीवर कोसळला, मज्जारज्जूला मार बसला आणि कमरेखाली सगळा शुकशुकाट झाला. आता आशा धरू नका, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर मास्तरांनी एकच हट्ट धरला, पाय माझ्या नजरेला पडता कामा नयेत. तेव्हापासून पायांवरून शाल हटली नाही. आंघोळीलाही ते छताकडे बघत बसायचे. त्या दुपारी मात्र शालीचा काठ उसवला होता, म्हणून तिने ती काढून शिवायला घेतली. तिची नजर सुईवर आणि मास्तरांची तिच्या चुकांवर. "अगं, कापड ओढू नकोस, ते आपसूक सरकतं," हे पालुपद चालूच होतं. पायांकडे बघायला वेळ होता कुणाला?

"नीट पाहा," कंपनीचे वकील आता चांगलेच रंगात आले होते. "बाईंनी पायडल दाबलं की यांचा अंगठा खाली! मशीन थांबलं की अंगठाही थांबतो. लुळ्या पायाला आपोआप येणारे झटके असे तालात येत नसतात. आमच्या तज्ज्ञ डॉक्टरांचं स्पष्ट मत आहे, हा माणूस पाय स्वतः हलवतो. आणि म्हणे जन्माचा अधू! भरपाई कसली मागता?"

मास्तरांच्या वकिलांचा चेहरा खाडकन उतरला. ते वाकून कुजबुजले, "झटका होता म्हणा. काहीही म्हणा, पण हो म्हणू नका. हातातोंडाशी आलेला घास जाईल."

तो घास काय आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? होतं नव्हतं ते दवाखान्यात गेलं होतं. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना तिनेच हात जोडून निरोप दिला होता. भरपाई हुकली तर सगळं घर त्या एका मशीनवर ओढायचं होतं.

"मास्तर," न्यायाधीशबाईंनी विचारलं, "पाय तुम्ही हलवलात?"

मास्तर पडद्याकडेच बघत होते. "बाईसाहेब, परत एकदा दाखवता का?"

परत दाखवलं. मास्तर इतके पुढे झुकले, की तिने त्यांचा सदरा धरून ठेवला.

"अगं, बघ!" भर कोर्टात ते ओरडले. "मला कळलंसुद्धा नाही गं! शिलाईबरोबर चाललाय, एक टाका चुकत नाही!"

तिला हसू आवरेना, डोळ्यांतलं पाणीही आवरेना.

"म्हणजे कबूल आहे तर?" कंपनीच्या वकिलांनी विचारलं.

मास्तरांनी स्वतःच्या हाताने शाल ओढून बाजूला टाकली. अपघातानंतर पहिल्यांदाच ते आपल्या पायांकडे डोळे भरून पाहत होते. "चालव मशीन," ते बायकोला म्हणाले.

मशीन कुठलं तिथे! तिने चप्पल काढली आणि फरशीवरच पाय चालवायला सुरुवात केली. टाच, चवडा, टाच, चवडा. अंगठा काही हलेना. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. ती थांबली नाही. आणि मग अंगठा खाली गेला. जेमतेम, पण गेला!

"हलला!" कंपनीचे वकीलच आनंदाने ओरडले आणि लगेच जीभ चावून खाली बसले. मास्तर रडत होते, हसत होते, कोर्टाच्या शिपायाचा हात धरून हलवत होते. त्यांच्या वकिलांनी मात्र कपाळाला हात लावला. "संपली आपली केस," ते पुटपुटले.

तेव्हा ती उठली. इतक्या तारखा झाल्या, पण कोर्टात तिने तोंड उघडलं नव्हतं.

"बाईसाहेब, पाय जिवंत आहे असं कंपनीचेच डॉक्टर म्हणतायत ना? मग आमची मागणी वाढवून घ्या. आम्ही मागितलं होतं ते नुसतं खुर्चीत बसून राहण्यापुरतं. आता मला माझा माणूस चालता करायचाय."