कोरडं डोकं

दादू निळ्या प्लास्टिकच्या ड्रमात उकिडवा बसला होता. पाणी छातीपर्यंत. पास्टरचा हात त्याच्या डोक्यावर. तो हात एकदा खाली दाबला की झालं. दादूचं तारण.

एकतीस डिसेंबरची संध्याकाळ. प्रार्थनाघराच्या मागच्या अंगणात माणसं ड्रमाभोवती दाटून उभी होती. पूर्वी बाप्तिस्मे भाट्याच्या समुद्रात व्हायचे. आता तिथे धर्मांतर, धर्मांतर म्हणत लोक मोबाइल काढून उभे राहतात, आणि मग घरापर्यंत येतात. म्हणून ड्रम.

"येशू ख्रिस्ताला आपला तारणारा म्हणून स्वीकारता?" पास्टर नितेशने विचारलं.

दादूने श्वास गोळा केला. चिरेखाणीत दगड कापता कापता त्याच्या छातीत धूळ जाऊन बसली होती. ती आता उठणार नव्हती.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

कोणीतरी खुदकन हसलं. पास्टरने हात काढून घेतला.

"आमेन म्हणा, काका. होय, आमेन. सकाळपासून शिकवतोय."

"त्येच म्हनलो."

"तेच नाही. ते तुमच्या देवळातलं. गाऱ्हाण्यातलं."

होतंच ते गाऱ्हाण्यातलं. देवापुढे एकाने गाऱ्हाणं घालायचं आणि मागून अख्ख्या गावाने 'व्हय महाराजा' म्हणायचं. त्यात दादूचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. आवाज गेला. शब्द राहिला.

"म्हाराजा म्हंजे ह्योच की," दादू म्हणाला. "वर बसलाय तो."

"ते दगडाला म्हणतात, काका."

"दगडाचा मला सांगू नका, पास्टर. जलमभर कापलाय त्याला. कदी हूं म्हनला नाय."

आता बरेच जण हसले. पास्टर हसला नाही. तो कोल्हापूरकडचा, नवा. अर्धेकच्चे लोक पाण्यात घालतोस म्हणून वरच्यांनी त्याला मागच्याच महिन्यात झापलं होतं. माणसाला देवापेक्षा साहेबाची भीती जास्त असते, मग तो साहेब कुठल्याही धर्माचा असो.

"पुन्हा एकदा. स्वीकारता?"

दादूने डोळे मिटले. "आ," म्हणाला. तेवढ्यात खोकला आला. ड्रमातलं पाणी हिंदकळून बाहेर सांडलं, पास्टरची पँट भिजली. खोकला थांबला तेव्हा तोंडातून जे यायचं तेच आलं.

"म्हाराजा."

पास्टरने पुस्तक मिटलं. "ईस्टरला घेऊ. जिभेवर अजून जुना माणूस बसलाय. जुना माणूस नव्या वर्षात न्यायचा नसतो."

दादूची बायको सखू गर्दीतून पुढे आली.

"ईस्टर कदी असतो, पास्टर?"

"एप्रिलमध्ये."

"ह्यो शिमग्यापतूर ऱ्हात नाय."

"असं बोलू नये, मावशी. प्रभूवर भरवसा ठेवा."

"भरवसा ठेवला म्हनून तर हितं आलो. हितं आलो म्हनून गावान वाळीत टाकलान. मसनात जागा देत नाय म्हनतात. तुमच्या कबरस्थानात बाप्तिस्म्याबिगर घेत नाय. मंग ह्याला ठेवू कुटं? माळ्यावर?"

कोणी हसलं नाही. आत माइक खरखरला. "चला, आराधना सुरू करू," पास्टर म्हणाला, आणि माणसं सुटल्यासारखी आत गेली. जाता जाता दोघांनी दादूला काखेत हात घालून बाहेर काढलं आणि खुर्चीवर बसवलं.

पास्टरची बायको योगिनी टॉवेल घेऊन आली. वाईट बाई नव्हती ती. टॉवेल स्वतःच्या घरातला आणला होता.

"मावशी, ड्रमातलं पाणी ओतू नका हां," ती म्हणाली. "जेवणं झाली की ताटं विसळायला होईल."

ती आत गेली. सखू दादूला पुसायला लागली. पाठ, पोट, छाती. टॉवेल डोक्याकडे नेला आणि थांबली. केस कोरडे होते.

"छातीपतूर झाला," ती म्हणाली. "डोकाच ऱ्हायला."

"मंग छातीपतूर जाईन वर," दादू म्हणाला. "डोका गावाला दे. तेवड्याला जागा देतील."

सखूने टॉवेल त्याच्या मांडीवर टाकला. ड्रमाजवळचा तांब्या उचलून भरला. पास्टर बुडवताना काय म्हणतो ते तिला येत नव्हतं. तिला गाऱ्हाणं तेवढं माहीत होतं, आणि तेही बाईने घालायची गावात रीत नव्हती. तिने घातलं.

"बा येशू म्हाराजा, ह्यो तुजा मानूस तुज्या दारात आलाय. जिभेला जुनी सवय हाय, ती पोटात घाल. गावान भायेर काढलान. तुज्या मानसांनी आत घेतला नाय. आता तू तरी ह्याला पदरात घे रे म्हाराजा."

तांब्या दादूच्या डोक्यावर ओतला. पाणी कानांवरून, हनुवटीवरून खाली आलं. तो कुडकुडायला लागला.

आतून सगळ्यांचा एका सुरात आमेन आला. तो आतल्या प्रार्थनेला होता. एकाचंही चुकलं नाही.

गाऱ्हाण्याला मागून म्हणायला माणसं लागतात. अंगणात दुसरं कोणी नव्हतं. सखू रिकामा तांब्या धरून उभी राहिली.

दादूने तोंड उघडलं.

"व्हय," तो म्हणाला.

महाराजापर्यंत त्याचा दम पोचला नाही.