दुपारची बाई

"ताई, बाबांचं काहीतरी शिजतंय हं," वहिनी कुजबुजली. "रोज दुपारी दार लावून फोनवर कुठल्याशा बाईशी बोलतात. तेही अशा भाषेत, की आपल्याला ओ की ठो कळू नये!"

आईला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. लेकीने दाराला कान लावला. आत एक बाई ठसक्यात काहीतरी म्हणाली आणि थांबली. बाबा अडखळत काहीतरी बोलले आणि लाजल्यासारखे हसले. लेकीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने दार ढकललं.

"कोण आहे ही बया?"

बाबांनी फोन पुढे केला. "तुझी आई. तिच्या माहेरची भाषा बोलणारे चारदोनच उरलेत ना, म्हणून तिकडच्या शाळेने मुलांसाठी तिच्या आवाजात धडे करून घेतले होते. आधी तिने म्हणायचं, मग आपण."

"काहीतरीच! आई इतक्या ठसक्यात कधी बोलायची? ती तर शब्द शोधत, चाचरत बोलायची."

बाबांनी फोन पुन्हा कानाशी नेला.



"आपल्या भाषेत चाचरायची, बाळा. जन्मभर. आता माझी पाळी."